दिवसाउजेडीचा नीर डोसा

संकेश्वरच्या एका हॉटेलमालकाचा मला कितीतरी महिने मनापासून राग यायचा. माणूस वाईट नव्हता. उडुपीकडून लहानपणी इकडे आलेला, कपाळाला गंध, बोलणं मऊ, गल्ल्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करणारा. सगळे त्याला अण्णा म्हणायचे. त्याचा गुन्हा एवढाच की माझ्या सासूबाई त्याच्या हातचं खायच्या आणि माझ्या हातचं खायच्या नाहीत.

हे ऐकून लोक लगेच जातपातीवर जातात, म्हणून आधीच सांगते. मी बेळगावच्या शहापूरची, विणकराच्या घरातली. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत आम्ही. मागाच्या खडखडाटात ओरडल्याशिवाय काही ऐकूच जायचं नाही, त्यामुळे आम्हा भावंडांचे आवाज जन्मापासून मोठे आणि माझा तर रागही मोठा. दुपारी माग थांबला की बाबा बुक्कीनं कांदा फोडायचे, भाकरीवर लसणाची चटणी आणि वर तेलाची धार. त्या जेवणावर मी वाढले. नवरा निपाणीजवळच्या खेड्यातला, जैन, घरची तंबाखूची शेती. बेळगावात कॉलेजला असताना आमचं जमलं. दोन्ही घरांत थोडीफार आदळआपट झाली, पण सासूबाई मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "कांदा-लसूण सोडशील न्हवं?" मी म्हटलं, सोडेन. त्या म्हणाल्या, "मग झालं की. पोरगी चांगली हाय." इतक्या सरळ मनाची बाई मी तोवर पाहिली नव्हती.

आणि त्या सरळ मनाच्या बाईला मी लग्नानंतर तिसऱ्याच आठवड्यात फसवलं.

आईनं निरोप देताना माझ्या पेटीत लसणाच्या चटणीची बाटली घातली होती. मी ती पेटीतच ठेवली होती, खात नव्हते, फक्त कधीतरी झाकण उघडून वास घ्यायचे. त्या दिवशी मी आमटी केली आणि ती इतकी मिळमिळीत झाली की मलाच रडू आलं. नव्या सुनेची पहिली आमटी. मी पेटी उघडली, चमचाभर चटणी आमटीत ढवळली. सासूबाईंनी दोनदा मागून घेतली. "काय घातलंस गं ह्यात? लई चव आलीया." मी म्हटलं, "काही नाही आत्या, खोबरं भाजून." पंधरा दिवसांनी पेटीत लुगडं ठेवताना त्यांच्या हाताला ती बाटली लागली. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, पुन्हा घट्ट लावलं आणि बाटली जागच्या जागी ठेवली. मला एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी उपवास केला आणि तिसऱ्या दिवशी मागच्या पडवीत स्वतःसाठी वेगळी शेगडी मांडली.

त्याला एकोणीस वर्षं झाली. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. पण त्यांनी भांडणच केलं नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणात रात्र रात्र जागल्या, डिंकाचे लाडू वळून माझ्या तोंडात घातले, माझी भाजी निवडून दिली, माझ्या पोरांना माझ्याच हातचं जेवायला बसवलं. स्वतः मात्र पडवीतल्या शेगडीवर भाकरी थापून, दिवस मावळायच्या आत जेवून मोकळ्या. एकदा मी धीर करून म्हटलं होतं, "आत्या, त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरात लसणाची पाकळी आली नाही." त्या म्हणाल्या, "ठाऊक हाय की." एवढंच. त्यांना लसणाचं काही वाटत नव्हतं, मी खोटं बोलले याचं वाटत होतं, आणि त्यावर मला औषध सापडत नव्हतं.

मग त्यांच्या डोळ्यांचं दुखणं निघालं. दर महिन्याला बेळगावात न्यायचं, डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं, परत आणायचं. नवऱ्याला शेतातून सवड नसायची, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. सकाळी ऊन अंगणात आलं की त्या त्यांच्या शेगडीवर काहीतरी करून खायच्या आणि आम्ही बस धरायचो. दवाखाना कॅम्पात. तिथे आधी डोळ्यात थेंब घालून तासभर बसवतात. बाहुल्या मोठ्या होतात, मग पुढचे तीन-चार तास सगळं पांढरं, धुरकट, दिव्यात दिवा मिसळल्यासारखं दिसतं, असं त्या सांगायच्या. हातात हात घेऊन न्यावं लागायचं. एरवी माझ्यापुढे चार पावलं चालणारी बाई त्या दिवशी माझ्या दंडाला धरून चालायची. मला ते आवडायचं, हे कबूल करते.

त्या तासाभरात मी काय करायचे तेही सांगते. दवाखान्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एक भजीवाला होता. समोर सैनिकांची पोरं सायकली टेकवून उभी, शेजारी चर्चची भिंत, आणि कढईत कांदाभजी. खेकड्यासारखी वेडीवाकडी, कडेला करपलेली, आत कांदा गोड झालेला. घरात कांदा सोडला होता, बाहेरचं कुणी विचारलं नव्हतं. एक प्लेट उभ्यानं खायची, वर तळलेली मिरची, मग पुदिन्याची गोळी तोंडात टाकून सभ्य चेहऱ्यानं बाकड्यावर येऊन बसायचं. सासूबाई डोळे मिटून बसलेल्या असायच्या. मला वाटायचं, त्यांना काय कळतंय.

परतीच्या वाटेवर संकेश्वर. आमची बस गावाबाहेर हायवेच्या कडेला चहाला थांबायची, तिथेच अण्णाचं हॉटेल. पहिल्या खेपेला सासूबाई बसमधून उतरायलाच तयार नव्हत्या. मी चहा घेत असताना सहज अण्णाला म्हटलं की सासूबाई घरून निघाल्यापासून उपाशी आहेत, बाहेरचं खात नाहीत. तो उठून बसजवळ आला आणि खिडकीतून म्हणाला, "अम्मा, आमच्याकडे एक तवा वेगळा हाय. त्याला कांदा-बटाटा कधी लागला न्हाय. माझी आई पण असंच खायची. त्या तव्यावर मी स्वतः करतो, दुसऱ्याला हात लावू देत न्हाय." सासूबाईंनी त्याची उलटतपासणी घेतली. पीठ कधी वाटलं? आंबवलंय का? पाणी गाळलंय? झारा कुठला? आज सकाळी आंघोळ केलीस न्हवं? तो सगळ्याला न रागावता उत्तरं देत गेला. शेवटी त्या उतरल्या.

त्यानं आणला नीर डोसा. नुसते तांदूळ भिजवून वाटायचे, ताकासारखं पातळ करायचं, आंबवायचं नाही. तापलेल्या बिडाच्या तव्यावर ते पाणीच शिंपडल्यासारखं ओतायचं, झाकण ठेवायचं आणि उलटायचं नाही. चार घड्या घालून ताटलीत. पांढराशुभ्र, ओलसर, जाळीच जाळी. मी विणकराची मुलगी, मला तो बघून झिरझिरीत विणीचा पदर आठवला. सोबत किसलेलं ओलं खोबरं आणि गूळ. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. एकोणीस वर्षांत मी तो चेहरा माझ्या ताटावर पाहिला नव्हता. "लई हलका हाय गं," त्या म्हणाल्या. आणि तीन खाल्ले.

तेव्हापासून दर महिन्याला हा सोहळा. साडेचारच्या सुमाराला आम्ही उतरायचो, ड्रायव्हर-कंडक्टर चहा प्यायचे, आणि त्या त्यांचं दिवसाउजेडीचं जेवण तिथे उरकायच्या. आणि दर महिन्याला अण्णाची तीच उलटतपासणी. तवा धुतलायस? पीठ आजचं? खोबऱ्याच्या किसणीवर कांदा किसला न्हाईस न्हवं? पण खायच्या. आणि बसमध्ये बसल्यावर निपाणी येईपर्यंत कौतुक. "काय हात हाय गं त्याचा. एकाला भोक पडत न्हाय, एक फाटत न्हाय." मी खिडकीबाहेर बघत दात आवळून बसायचे. परका माणूस, कुठला कोण, त्याच्या हाताचं गुणगान आणि सून शेजारी बसलीय. नवरा एकदा म्हणाला, "तूच शिकून घे की अण्णाकडून." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून गोठ्यात निघून गेला. शिकायचं आणि तेही त्या माणसाकडून? आणि शिकून करायचं कुणासाठी? जिनं खायचं ती माझ्या हातचं खाणार नाही, हे मला ठाऊक होतं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दिवस लहान झाले होते. दवाखान्यात त्या दिवशी गर्दी उसळली होती, थेंब घालून झाल्यावरही इंजेक्शनचा नंबर लागेपर्यंत तीन वाजून गेले. नंबर कधीही पुकारतील म्हणून मला जागेवरून हलता आलं नाही, त्यामुळे भजी बुडाली आणि मी आधीच करवादले होते. इंजेक्शन आटोपून स्टँडवर पोचलो तेव्हा सव्वाचार. पुढे हायवेचं काम चाललेलं. कुठे पूल अर्धा, कुठे रस्ता खालून वळवलेला, ट्रकांची रांग मुंगीच्या पावलानं सरकतेय. मी सारखी मोबाइलमध्ये वेळ बघत होते. सहाच्या आसपास सूर्यास्त. सासूबाई माझ्या खांद्याला टेकून होत्या. त्या महिन्यात त्या बऱ्याच वाळल्या होत्या, दंडावरची चोळी सैल झाली होती, आणि डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी मला खडसावलं होतं, "यांना उपाशी ठेवू नका हो." जसं काही मीच ठेवत होते.

संकेश्वरला उतरलो तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. हॉटेलासमोरचा ऊस नुकताच तुटून गेला होता, त्यामुळे एरवी उसाआड जाणारा सूर्य आता मोकळ्या रानावर सरळ समोर दिसत होता. दोन हात वर असेल. मला हायसं वाटलं. वेळ होता.

अण्णा गल्ल्यावर नव्हता. आत बाकड्यावर बसला होता आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. स्कूटरवरून घसरला होता. आम्हाला बघून त्याचा चेहरा उतरला. "अम्मा, आज न्हाय जमायचं वो." भट्टीवर आचारी होता, पण त्याच्या हाताला सकाळपासून कांदा लागलेला. अण्णा म्हणाला, "त्याला त्या तव्याला हात लावू देत न्हाय मी. खोटं सांगून कसं वाढू तुमाला?" पीठ मात्र होतं. सकाळी त्यानं आपल्या बायकोकडून वाटून आणलं होतं, आजचा दिवस सासूबाईंचा म्हणून.

सासूबाई म्हणाल्या, "असू दे बाबा. एक दिवस न्हाय खाल्लं तर मरत न्हाय मी." आणि माझा हात चाचपडत उठायला लागल्या. सकाळच्या दोन घासांवरची बाई. ती आता उद्या सूर्य वर आल्यावर पाणी पिणार.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी करते."

अण्णा माझ्याकडे बघायला लागला. सासूबाई उभ्या होत्या त्या तशाच राहिल्या. मला वाटलं, आता त्या म्हणणार, नको. एकोणीस वर्षं न बोललेलं सगळं आता या परक्या माणसासमोर बोलणार. त्यांचे डोळे माझ्याकडे होते, पण त्यांना मी दिसत नव्हते, नुसतं पांढरं दिसत असणार.

"आज भजी खाल्लीस काय?" त्या म्हणाल्या.

माझे कान तापले. म्हणजे इतके महिने त्यांना सगळं ठाऊक होतं. पुदिन्याच्या गोळ्या फुकट गेल्या होत्या. मी म्हटलं, "नाही आत्या. आज वेळच मिळाला नाही."

"मागच्या खेपंला?"

"मागच्या खेपेला खाल्ली. दर खेपेला खाते."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा बाकड्यावर बसल्या. "मग हात धू आनि जा."

मी कोपरापर्यंत हात धुतले. दोनदा धुतले. अण्णानं कोपऱ्यातल्या खुंटीवरून तो तवा डाव्या हातानं काढून दिला, वेगळ्या शेगडीवर ठेवायला लावला आणि आपण दारात उभा राहिला. "तापू द्या. अजून. पाणी मारून बघा. आता ओता, लांबून ओता, भीती नको." मी ओतलं आणि सगळं एका बाजूला जाऊन बसलं. निघालाच नाही, खरवडून काढावा लागला. "असू दे," अण्णा म्हणाला, "पहिला कुणाचाच येत न्हाय." तवा पुन्हा पुसला, पुन्हा तापवला. दुसरा ओतला, झाकण ठेवलं, घाईनं लवकर उघडलं, तो मधोमध फाटला. मी तव्यावर ओरडले. खरंच ओरडले, मागावर दोरा तुटल्यावर बाबा ओरडायचे तशी. आचारी आपलं काम सोडून बघायला लागला. अण्णा शांतपणे म्हणाला, "आक्का, झाकण उघडू नका. मी सांगतो तव्हा उघडा."

तिसरा आला. कडा सुटून वर आल्या, जाळी पडली, घडी घातली तरी फाटला नाही. मग चौथा. मग पाचवा. मला वेळेचं भानच राहिलं नाही. तिन्ही घडी घालून ताटलीत ठेवले, शेजारी गूळ-खोबरं घातलं. एकोणीस वर्षांनी मी त्यांच्यासाठी ताट वाढत होते. ताटली घेऊन मी जवळजवळ पळतच बाहेर आले.

सासूबाई बाकड्यावर ताठ बसल्या होत्या, हात गुडघ्यावर. त्यांच्यापलीकडे हायवे, हायवेपलीकडे ते मोकळं रान, आणि रानाच्या कडेला सूर्य नव्हता.

तांबूस उजेड होता. भरपूर होता. त्या उजेडात ताटलीतली जाळी दिसत होती, रस्त्यावरच्या ट्रकांनी दिवेसुद्धा लावले नव्हते. पण सूर्य गेला होता. दोन मिनिटं झाली असतील, फार तर तीन. तो पहिला डोसा चिकटला नसता तर. मी झाकण उघडलं नसतं तर.

सासूबाईंना वास आला. त्यांनी माझ्या दिशेनं तोंड वळवलं. "झालं काय गं? दिवस हाय न्हवं?"

मी उभीच राहिले. अण्णानं बाहेर बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग मान वळवून गल्ल्याकडे गेला. सांगायला कुणी नव्हतं. त्यांना पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. मी नुसतं "हाय" म्हटलं असतं तर त्यांनी खाल्लं असतं. भुकेलं माणूस जेवलं असतं, माझी एकोणीस वर्षं संपली असती, आणि जगात कुणाचं काही बिघडलं नसतं. दोन मिनिटांचा तर प्रश्न. खोटं बोलायला मला किती कमी त्रास होतो हे त्या क्षणी मला इतकं स्पष्ट कळलं की माझी मलाच लाज वाटली.

"नाही आत्या," मी म्हटलं. "आत्ताच गेला."

त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मला सगळ्यांचा राग आला. हायवेचा, दवाखान्याचा, सूर्याचा, त्यांच्या त्या नेमाचा आणि सगळ्यात जास्त माझा. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मागच्या खोलीत वाढलेला माझा मोठा आवाज तर कुठल्या कुठे गेला होता.

"बस हितं," त्या म्हणाल्या. "तू खा."

"मला नको."

"टाकून देणार हाईस काय? अन्न हाय ते. खा म्हणते न्हवं."

मी बसले. त्यांच्यासाठी केलेला नीर डोसा त्यांच्यासमोर बसून मी खायला लागले. गुळात माझे अश्रू पडत होते आणि गूळ खारट लागत होता. सासूबाई समोर बसून लक्ष देऊन माझं खाणं ऐकत होत्या.

"जाळी पडलीया काय?"

"पडलीय."

"मऊ हाय?"

"आहे."

"फाटलेला कुठला?"

"दुसरा. पहिला तर निघालाच नाही."

त्या हसल्या. "ऐकत हुतो मी. तव्याशी भांडत हुतीस." थोडं थांबून म्हणाल्या, "सावकाश खा. बस काय, दुसरी येतीया." मग अण्णाला हाक मारून त्याच्या हाताला काय झालं, कुठल्या डॉक्टरानं प्लास्टर घातलं, बायको जेवू घालतीया का, सगळं विचारत बसल्या. स्वतःच्या पोटात कावळे ओरडत असताना. मी तिन्ही डोसे संपवले. आयुष्यात हॉटेलात खूप खाल्लं, पुढेही खाईन, पण कुणी समोर उपाशी बसून मला इतक्या प्रेमानं खाऊ घातलंय असं पुन्हा झालं नाही.

बसमध्ये त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. त्या दिवशी अण्णाचं कौतुक झालं नाही. घरी पोचल्यावर हातपाय धुऊन, णमोकार मंत्र म्हणून, सरळ अंथरुणावर गेल्या. नवऱ्यानं विचारलं, "आई जेवली का?" मी "नाही" म्हटलं आणि पुढचं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा रडले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उशिरा उठले. पोरं शाळेला गेली, नवरा शेतात गेला. सासूबाई पडवीत होत्या, त्यांच्या शेगडीजवळ काहीतरी खुडबुड चालली होती. त्यांनी खाऊन घेतलं असेल असं मी धरून चालले आणि भांडी घासायला बसले. त्यांच्याकडे बघायचं मला धाडस होत नव्हतं. आदल्या दिवशी मी त्यांच्या तोंडचा घास काढून घेतला, असंच मला वाटत होतं.

दहाच्या सुमाराला माझ्या स्वयंपाकघराच्या दारात सावली पडली. सासूबाई उभ्या होत्या. हातात त्यांचं पितळी पातेलं, त्यावर त्यांचं स्वच्छ धुतलेलं फडकं. एकोणीस वर्षांत त्यांचं पातेलं या उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. त्यांनी ते माझ्या ओट्यावर ठेवलं. फडकं काढलं. आत भिजवलेले तांदूळ होते.

"ऊन आल्यावर भिजत घातलंय," त्या म्हणाल्या. "वाट."

मी ओले हात पदराला पुसायचे विसरून बघत राहिले. "आत्या, सकाळपासून काहीच खाल्लं नाही?"

"न्हाय. ह्यासाठी थांबलोय. लवकर कर, भूक लागलीया मला."

मी वाटलं. पातळ केलं. आमच्याकडे बिडाचा तवा नव्हता, होता तो भाकरीचाच तापवला. पहिला बिघडला, दुसराही थोडा. सासूबाई भिंतीला पाठ टेकून पाटावर बसल्या होत्या, पाय लांब करून, आपल्याच घरात बसल्यासारख्या. खिडकीतून ऊन थेट त्यांच्या मांडीवर आलं होतं. मी गूळ किसला, खोबरं किसलं, बरा जमलेला एक ताटलीत घडी घालून ठेवला आणि ताटली त्यांच्यापुढे सरकवली.

मग मी वाट बघत उभी राहिले. आता ती उलटतपासणी येणार. तवा कुठला, किसणी कुठली, वाटण कशात केलं, पाणी गाळलं का. अण्णासारख्या माणसालाही त्या दर महिन्याला न चुकता विचारायच्या, इतक्या महिन्यांत एकदासुद्धा सोडलं नव्हतं. मी मनातल्या मनात सगळी उत्तरं खरी खरी तयार ठेवली.

त्यांनी घास तोडला, गुळाला लावला आणि खायला लागल्या. मला त्यांनी काहीच विचारलं नाही.